नवऱ्यांनी गाडीत थांबावे

वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी अल थुमामाच्या सिग्नलला उभा होतो. मेसेज त्यांच्या मुलीचा, मैथिलीचा होता. ही मुलगी दोहातल्या इंग्रजी शाळेत वाढलेली. आईने मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत द्यायचं, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. या वेळी मात्र तिने रोमन लिपीत का होईना, मराठीत लिहिलं होतं : आई गेली काका, पहाटे, कुडाळला. मागच्या गाडीने हॉर्न दिला... मी पुढे सरकलो, ऑफिसला गेलो, तिमाहीचं काम होतं ते केलं. दुपारपर्यंत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि तिच्या वर अधिकृत निवेदन होतं : मंडळाचे माजी सभासद-सचिव श्री. रमाकांत सावंत यांच्या सुविद्य पत्नीचे दुःखद निधन. बाईंचं नाव कुठेच नाही. मला राग आला. राग आला की मी दुरुस्त्या सुचवतो, धंदाच ऑडिटचा आहे. मी खाली लिहिलं, 'विजया सावंत. मंडळाच्या निवडणूक अधिकारी.' त्यालाही कोणीतरी हात जोडले.

त्याला आता काही आठवडे झाले. मी काही त्यांचा नातेवाईक नाही. मी सोलापूरचा, त्या कुडाळच्या. त्यांच्या माशाच्या आमटीला मी कधी न्याय दिला नाही आणि माझ्या शेंगाचटणीला त्या 'लाल भुसा' म्हणत. आखातात ओळखी होतात त्या गावावरून, नाहीतर कोणी देश सोडताना विकायला काढलेल्या सामानावरून. आमची ओळख झाली ती मात्र निवडणुकीवरून.

झालं असं होतं की मंडळाने त्याच्या आदल्या खेपेला ऑनलाइन मतदान घेतलं होतं. फोनवर ओटीपी येणार, तो टाकायचा, मत द्यायचं. मोजणीनंतर लक्षात आलं, की एका अख्ख्या बिल्डिंगचे ओटीपी एकाच गृहस्थांच्या फोनवर वाचून दाखवले गेले होते आणि त्यांनी उदार मनाने सगळ्यांची मतं स्वतःच देऊन टाकली होती. मग भांडण, मग चौकशी समिती, मग समितीत भांडण. शेवटी ठरलं की कागदावर मत घ्यायचं. पण सभासद पार तिकडच्या दुखानच्या तेलवसाहतीपासून विखुरलेले, कोणी शिफ्टवर, कोणी समुद्रात रिगवर, एका दिवशी एका हॉलमध्ये येणं शक्य नाही. तेव्हा टपालाने. बाहेरच्या पाकिटावर सभासदाचा क्रमांक, नाव आणि सही, आत दुसरं कोरं पाकीट, त्यात मतपत्रिका. बाहेरची सही सभासदत्वाच्या कार्डावरच्या नमुना सहीशी जुळली, तर आतलं पाकीट बाजूला काढायचं. नाही जुळली तर मत बाद. सह्या तपासणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, 'मी तपासते. कुडाळला सहकारी बँकेत चेक पास करत होते मी.' सभागृहाने आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या यजमानांकडे पाहिलं. सावंतसाहेब तेल कंपनीतले वरिष्ठ इंजिनिअर, सगळ्यांशी गोड, मंडळाच्या पायाभरणीपासूनचे. त्या वर्षी ते अध्यक्षपदाला उभे राहणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. विरोधी उमेदवार पाटकर, त्यांचा मालवाहतुकीचा धंदा. पाटकर उठून म्हणाले, 'वहिनींवर माझा विश्वास आहे, पण जोडीला बाहेरचा माणूस द्या.' बाहेरचा म्हणजे कोणाच्याच गटात नसलेला. मी नुकताच आलेला, बिनलग्नाचा, आणि सभेला जेवण आहे म्हणून बसलेला. मला उभं केलं.

अबू हमूरच्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर आमचं काम चाले. शुक्रवारी सकाळी, कारण सुट्टी तेव्हा; चर्चची प्रार्थनाही इथे तेव्हाच. बाहेर चर्चला जाणाऱ्यांच्या गाड्यांची गर्दी, आत टेबलावर एका बाजूला पाकिटं, दुसऱ्या बाजूला कार्डांचे खोके. पहिल्या दिवशी मी पाकीट हातात घेतलं, नाव वाचलं, कार्ड काढलं, म्हटलं 'जुळली'. वहिनींनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि उलटं करून पुढे ठेवलं, अक्षरांचे पाय वर. कार्डही तसंच. 'नाव वाचलंस की मन होच म्हणतं. नाव वाचायचं नाही रे, वळण बघायचं. उलटं धरलं की अक्षर उरत नाही, नुसती रेघ उरते. माणूस घाईत सही लहान करतो, गाडीत बसून केली तर वाकडी करतो, पण वळायचं तिथेच वळतो.' मग त्यांनी पद्धतच घातली. त्या नाव न वाचता नुसत्या क्रमांकावरून पाकीट आणि कार्ड काढून उलटं माझ्यापुढे ठेवणार, मी निर्णय सांगणार, आणि सांगून झाल्याशिवाय सुलटं करायचं नाही. दुसऱ्या खोक्याला मी काढणार, त्या सांगणार. मला हे काम आवडायला लागलं होतं, हे कबूल करतो. माणसांशी बोलावं न लागता माणसं बघायला मिळत होती.

असंच एक पाकीट आलं. कार्डावरच्या सहीच्या शेवटी मोठा डौलदार फेरा होता, पाकिटावरची सही तुटक, खाली एक छोटी आडवी रेघ. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, 'नापास.' वहिनींनी सवयीने पाकीट सुलटं केलं, आणि तसंच हातात धरून ठेवलं. नाव होतं विजया रमाकांत सावंत.

मी काहीतरी बोलायला गेलो, तशी त्यांनी हात वर केला. कार्ड उचलून खिडकीपाशी नेलं, बघितलं, परत येऊन बसल्या. मग बाद पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पत्ते मांडावेत तशी एकेक करून टेबलावर मांडली. शेवटचं पाकीट ठेवून झाल्यावर म्हणाल्या, 'सगळ्या बायकाच कशा रे?' खरंच, एकही पुरुष नव्हता. त्यांनी त्या बायकांची कार्डं काढली. मग ज्यांची मतं पास झाली होती अशा काही बायकांचीही काढली, त्यांच्या नवऱ्यांची कार्डं शेजारी ठेवली आणि सगळी उलटी केली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. उलट्या कार्डांवर नवऱ्याचं आणि बायकोचं वळण एकच होतं. शाई एक, दाब एक, फेरा एक.

सावंतसाहेब त्याच सुमाराला मासळी घेऊन आले. आमच्याकडे बघून पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. वहिनींनी विचारलं, 'अहो, ही सही कोणाची?'

'तुझीच. नाव लिहिलंय की.'

'माझी अशी असता?'

'अगं, तू तेव्हा कुडाळला होतीस. व्हिसा व्हायचा होता तुझा. मेंबरशिप ड्राइव्ह होता, फॅमिली कार्ड काढलं की दोघं मेंबर. दोन्ही सह्या लागत होत्या...' ते थांबले. मग मोकळं हसून म्हणाले, 'सगळ्यांच्याच बायका तिकडे होत्या. मीच सांगितलं सगळ्यांना, यल्ला, करून टाका दोन्ही सह्या, बायका आल्या की बघू.'

'मगे बघितल्यात?'

साहेबांनी पिशवी ओट्यावर ठेवली. 'एवढं काय त्यात, मंडळाची तर निवडणूक. खलास कर विषय.'

विषय खलास होण्यासारखा नव्हता, कारण आम्ही जे केलं होतं ते नीट पाहिलं तर भयंकर हास्यास्पद होतं. इथे घरी पोस्टमन येत नाही. टपाल येतं ते नवऱ्याच्या ऑफिसच्या पी. ओ. बॉक्सला. म्हणजे दोघांचीही पाकिटं नवराच घरी आणणार. ज्या नवऱ्यांनी ऑफिसातच बसून बायकोच्या पाकिटावरही सही ठोकली, त्या बायकांची मतं आम्ही चोख म्हणून पास केली होती. आणि ज्या बायकांनी पाकीट हातात घेऊन, पेन शोधून, स्वतःची सही केली, त्यांना बनावट ठरवून बाजूला फेकलं होतं. त्यात निवडणूक अधिकारी स्वतः. मी ऑडिटमध्ये बऱ्याच चुका पाहिल्या आहेत, पण इतक्या काटेकोरपणे केलेली चूक पाहिली नाही.

वहिनी म्हणाल्या, त्या कार्डांवरच्या सगळ्या बायकांना बोलवायचं. समोर सही घ्यायची, नवीन कार्ड करायचं. पाकिटावरची सही स्वतःची असेल तर मत पास, नसेल तर ते पाकीट रद्द आणि हातात नवी मतपत्रिका. साहेब दारात उभे होते. त्यांचा हिशेब सरळ होता. दुखानचं टाउनशिप त्यांचं, जुनी कुटुंबं त्यांची, आणि जुन्या कुटुंबात नवरा म्हणजे दोन मतं. शिवाय ही सह्यांची कल्पना कोणाची होती, तेही आता भर सभेत सांगावं लागणार होतं. ते हळू आवाजात म्हणाले, 'विजू, मी पडेन.' मी पाकिटं गोळा करण्यात गुंतल्यासारखं केलं. वहिनी उठून ओट्यापाशी गेल्या. त्यांना हा निर्णय सोपा गेला असेल, असं मला वाटत नाही. नवऱ्याने अध्यक्ष व्हावं ही इच्छा त्यांचीही होती, प्रचाराच्या सभांना पोहे त्यांनीच केले होते. मग म्हणाल्या, 'पडाल. मगे काय झाला?' आणि मासळी धुवायला घेतली.

पाटकरांनी आधी आरडाओरडा केला. वहिनी नवऱ्याला वाचवायला मतदान लांबवतायत, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी सभेत उभं राहून, कार्डांचा घोळ कसा झाला आणि कोणाच्या सांगण्यावरून झाला, ते एका दमात सांगितलं. 'माझ्या यजमानांच्या सांगण्यावरून' हे शब्द त्यांनी टाळले नाहीत, की त्यावर जोरही दिला नाही. पाटकर खाली बसले. साहेब छताच्या पंख्याकडे बघत होते.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या घराच्या दारावर वहिनींनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला होता : सह्यांसाठी आत यावे. नवऱ्यांनी गाडीत थांबावे. आणि नवरे थांबले. चर्चच्या गर्दीत आमच्या त्या गाड्यांची भर पडली, एसी चालू ठेवून मॅनेजर, इंजिनिअर, दुकानदार ओळीने बसलेले, मधूनच काच खाली करून एकमेकांना विचारत, 'तुमची झाली का?' साहेबांना वाटलं आपण घरमालक, आपल्याला सूट. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेही किल्ली घेऊन बाहेर गेले आणि स्वतःच्या दारात स्वतःच्या गाडीत बसले. मी बिनलग्नाचा म्हणून आत.

त्या दिवशी आलेल्यांत राजापूरच्या एक नजमाभाभी होत्या. नवरा रिगवर, दीर सोडायला आलेला, तोही गाडीत. त्यांनी नव्या कार्डावर सावकाश सही केली, ती उचलून बघितली, म्हणाल्या, 'हितं येऊन इतकी वर्सं झाली, मला कुनी सही मागितलीच नाय.' मग मतपत्रिका हातात घेऊन जरा थांबल्या. 'वहिनी... मतपण मीच देऊ?'

'मग कोण देणार? ते गाडीत आसत,' वहिनी म्हणाल्या. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला त्यांनी एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तिथे बसून, पाठ आमच्याकडे करून, एकेकीने मत दिलं. मला आठवतं, बहुतेकींना वेळ लागला. पाकीट बंद करून त्या उठत तेव्हा कोणी हसत नव्हतं. शेवटी वहिनी स्वतः त्या खुर्चीवर बसल्या. त्यांचं जुनं पाकीट बाद करून मीच त्यांना नवी मतपत्रिका दिली. त्यांची सही खरी होती, तेव्हा जुनंच चाललं असतं, पण त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, 'एकदा नापास झाले ना? मग परत परीक्षा.'

दुखानच्या बायकांना येणं जमेना, म्हणून शनिवारी आम्ही गेलो. गाडी वहिनींनी चालवली. हायवेवर ट्रकसुद्धा त्यांना ओलांडून जात होते आणि प्रत्येक ट्रकला त्या 'जा बाबा, तुझी घाई मोठी' म्हणत होत्या. मी खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत मी धीर करून विचारलं, 'साहेब बोलतात का घरी?' त्या म्हणाल्या, 'नाही. पण जेवतात.' थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, 'मला राग सहीचा नाही रे. तेव्हा मी इथे नव्हते, केली, ठीक. पण मी आले त्याला किती काळ झाला. एकदा म्हणायचं होतं, हे घे, तुझी तू कर... आठवणच झाली नाही त्यांना.' त्यानंतर दुखान येईपर्यंत त्या मैथिलीच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या.

मोजणीच्या दिवशी बाहेरची पाकिटं फोडून आतली कोरी पाकिटं आम्ही मंडळाच्या पोह्यांच्या मोठ्या पातेल्यात टाकली आणि वहिनींनी दोन्ही हात घालून ती खालीवर केली, कोणाचं कोणतं ते ओळखू येऊ नये म्हणून. सावंतसाहेब पडले. फरक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. निकाल वहिनींनीच वाचला, कुठल्याही उमेदवाराचा वाचावा तसा. पहिली टाळी साहेबांनी वाजवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. घरी मात्र त्यांनी काही दिवस अबोला धरला. 'मग एकदा मीठ मागितलं,' वहिनींनी मला सांगितलं, 'मी दिलं. मिटलं.'

मिटलं म्हणजे दिसायला मिटलं. त्यानंतर ते दोघं इथे बरीच वर्षं राहिले, सुखात राहिले. साहेब पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. मंडळात त्यांची थट्टा होई, की घरचंच मत फुटलं म्हणून पडले. ते हसून नेत. माझं लग्न झालं, गौरी इथे आली तेव्हा विमानतळावर माझ्यासोबत वहिनी होत्या आणि घरी पोचल्यावर चहाच्या आधी त्यांनी तिच्यापुढे मंडळाचं कोरं कार्ड ठेवलं. 'आधी सही,' म्हणाल्या. गौरीला वाटलं, ही इथल्या सरकारची काहीतरी अट असणार. साहेब निवृत्त झाले, त्यांनी कुडाळला परतायचं ठरवलं, तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे घर वाटून झालं. ज्याला जे हवं ते. जेवणाचं टेबल आम्ही आणलं. आमच्या फ्लॅटला ते फार मोठं आहे. एका बाजूने तिरकं होऊन जावं लागतं.

मागच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. दिवसकार्य झाल्यावर माणसं निघून गेलेली, मैथिली परत गेलेली, घर रिकामं. आधी इथल्या उन्हाची चौकशी केली. मग दवाखान्यातलं सांगायला लागले. ऑपरेशनच्या आधी नर्स संमतीचा कागद घेऊन आली, तिने तो साहेबांपुढे धरला, आणि साहेबांनी सवयीने खिशातलं पेन काढलं. तेवढ्यात पलंगावरून हात पुढे आला. 'माका दी गो,' वहिनी नर्सला म्हणाल्या. हाताला सलाइन. सही वाकडीतिकडी झाली, खालची रेघ तर कागदाबाहेर गेली. नर्स म्हणाली, चालेल. 'ही म्हणते, अभिजितने नापास केली असती,' साहेब म्हणाले. मी टेबलापाशीच बसलो होतो. मला त्या बाईंची फार आठवण येते, हे तोपर्यंत मी कोणाजवळ बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. इथे लिहितो आहे.

मग साहेबांनी विचारलं, 'अभिजित, तुला माहीत असेल. तिने... मत मला दिलं होतं का रे?'

मी म्हटलं, 'साहेब, आतली पाकिटं सगळी एकत्र केली होती. कोणालाच माहीत नाही.'

'हो. तिनेच ढवळली होती. बघितलं ना मी.' पुढे म्हणाले, 'एवढ्या वर्षांत मी विचारलं नाही. आधी रागाने नाही विचारलं, मग राग गेला तेव्हा वाटलं, आता काय विचारायचं. तिने सांगितलं नसतंच. पण विचारायला हवं होतं. वाट बघत असेल ती.'

मंडळाची निवडणूक पुन्हा आली आहे. या खेपेला मी कार्यवाह पदाला उभा आहे, तेव्हा सह्या तपासणारे दुसरे आहेत. पाकिटं उलटी धरायला त्यांना शिकवून झालं आहे. काल संध्याकाळी ऑफिसच्या बॉक्समधून आमची दोन पाकिटं घरी आणली आणि गौरीचं तिच्या हातात दिलं. ती ते घेऊन टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला गेली, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बसली. मी उगाच वर्तमानपत्र चाळत होतो. वळून न बघता ती म्हणाली, 'वहिनी असत्या तर तू इथे नसतास.'

मी किल्ली घेतली, खाली गेलो आणि गाडीत बसलो. एसी लावला. वरून एक विमान उतरत गेलं. आमच्या खिडकीत दिवा होता, आणि तिला वेळ लागत होता. तिने कोणाला दिलं, ते वर गेल्यावर विचारायचं मी ठरवलं. ती सांगणार नाही, ते मला माहीत होतं.